छोट्या गाडीचा इनटेक: पाईप नंतर, आधी तोंड बाहेर काढा

नागपुरात कूलर कुठे लावायचा हे कोणाला शिकवावं लागत नाही. खिडकीत. ताट्या कोऱ्या असोत, मोटर मोठी असो, कूलर खोलीत ठेवून दारं-खिडक्या लावून घेतल्या तर तासाभरात खोली नुसती दमट होते. गाडीच्या एअर इनटेकचंही, म्हणजे इंजिनाला बाहेरची हवा पोचवणाऱ्या वाटेचंही, तेच आहे. तरी कित्येक गाड्यांचं बॉनेट उघडलं की मूळचा फिल्टर-बॉक्स गायब असतो आणि त्या जागी उघडा कोन (शंकूच्या आकाराचा) फिल्टर बसवलेला दिसतो, तोही तापलेल्या इंजिनापासून वीतभर अंतरावर. आवाज भारी येतो, पण आत जाते ती बॉनेटखालचीच तापलेली हवा.

हे लिखाण १२०० सीसीच्या आसपासच्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल हॅचबॅकसाठी आहे. आपल्याकडे रस्त्यावर अशा गाड्या पुष्कळ आहेत आणि इनटेकचे प्रयोगही त्यांच्यावर पुष्कळ होतात.

आधी हिशोब

११९७ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन ६००० आरपीएमवर मिनिटाला ३००० वेळा आपलं पूर्ण आकारमान भरतं. म्हणजे ३५९१ लिटर. प्रत्यक्षात सिलिंडर शंभर टक्के भरत नाहीत, ८५ टक्के धरले तर साधारण ३०५० लिटर, सेकंदाला ५१ लिटर. ही हवा ६० मिमी आतल्या व्यासाच्या पाईपमधून सेकंदाला १८ मीटर वेगाने जाते. ५० मिमीमधून २६ मीटर, ७६ मिमीमधून ११ मीटर.

या वेगांना पाईपमध्ये होणारा तोटा फारच लहान असतो. ६० मिमीच्या पाईपमध्ये एक-दोन वळणं आणि तोंडाचा तोटा धरला तरी पाव किलोपास्कल. तो ७६ मिमीचा केला तर ०.१६ किलोपास्कलच्या आसपास वाचतात. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या थोडं वर आहे, इथला हवेचा दाब ९७-९८ किलोपास्कल. म्हणजे जाड चकचकीत पाईपने मिळालेला फायदा ०.१६ टक्के. स्टिअरिंगमागे बसून तो कोणालाही कळणार नाही.

आता तापमान घ्या. नवतपा सुरू आहे, बाहेर ४५ अंश. व्हरायटी चौकात सिग्नलला एसी चालू ठेवून गाडी उभी आहे आणि बॉनेटखाली ७० अंश झालेत. केल्विनमध्ये ३१८ विरुद्ध ३४३. घनता सात टक्क्यांहून जास्त उतरली. मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा वाटणाऱ्या नळ्या) आणि व्हॉल्व्हही हवेला तापवतातच, त्यामुळे हा फरक ताकदीत पूर्ण उतरत नाही. निम्मा धरा, तरी साडेतीन टक्के. शिवाय गरम हवेने नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून ठोके बसण्याचा, धोका वाढतो म्हणून ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठिणगी उशिरा टाकतो, ते नुकसान वेगळं. दुपारी सिग्नल सुटल्यावर गाडी ओढत नाही, मेलेली वाटते, त्यात याचा वाटा मोठा असतो.

म्हणून क्रम असा: हवा कुठून घ्यायची ते आधी, फिल्टर त्यानंतर, पाईप सगळ्यात शेवटी. पाईपपर्यंत जायची बहुतेकांना गरजच पडत नाही.

काहीही उघडण्याआधी मोजा

दोन मोजमापं लागतात. पहिलं तापमानाचं. ओबीडी सॉकेटमध्ये (इंजिनाचे आकडे वाचायचा गाडीतला सॉकेट) ब्लूटूथ डोंगल लावून फोनवर इनटेक एअर टेंपरेचर पाहता येतं. पण काही गाड्यांत हा सेन्सर मॅनिफोल्डवरच असतो आणि धातूच्या तापाने चढा आकडा दाखवतो. म्हणून फ्रिजमध्ये लावतात तो वायरवाला डिजिटल थर्मामीटर घ्या आणि त्याचा प्रोब फिल्टर-बॉक्समध्ये, फिल्टरच्या आधीच्या बाजूला चिकटवा. तिथून सुटला तरी फिल्टर त्याला अडवतो. फिल्टरनंतर, इंजिनाच्या बाजूला, प्रोब कधीही सैल लटकवू नका. तीन नोंदी करा: ६० किमीच्या स्थिर वेगात, सिग्नलवर पाच मिनिटं उभं राहिल्यावर, आणि तिथून निघाल्यावर आकडा खाली यायला किती वेळ लागतो. शेजारी बाहेरचं तापमान लिहा. जानेवारीत मोजून मे महिन्याचा निष्कर्ष काढू नका.

दुसरं मोजमाप अडथळ्याचं, आणि त्याला महाग यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाईप घ्या. मीटरभर उंच फळीवर तो यू आकारात बांधा, निम्म्यापर्यंत पाणी भरा, दिसावं म्हणून त्यात नीळ टाका. एक टोक केबिनमध्ये उघडं. दुसरं टोक फिल्टर आणि थ्रॉटल बॉडी (अॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) यांच्या मधल्या भागाला जोडायचं. त्यासाठी व्हॉल्व्ह कव्हरवरून इनटेक पाईपला येणारा ब्रीदर होज, म्हणजे इंजिनातली वाफ परत नेणारी नळी, सोयीचा. त्यात तात्पुरती टी घाला, मापाची टी ठिबक सिंचनाच्या दुकानात मिळून जाते. ती फक्त चाचणीपुरती, तेल आणि उष्णतेत टिकणारी नाही. मध्ये एक रिकामी बंद बाटली ठेवा, म्हणजे चुकून पाणी ओढलं गेलं तर बाटलीत अडकेल.

मोकळ्या रस्त्यावर, आउटर रिंग रोडच्या रिकाम्या पट्ट्यात पहाटे, दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल देऊन आरपीएम वर न्या. खिडक्या आणि ब्लोअर बंद. शेजारी बसलेल्याने दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक पाहायचा, चालवणाऱ्याने नाही. दहा सेंटिमीटर फरक म्हणजे जवळपास एक किलोपास्कल, म्हणजे साधारण एक टक्का ताकद. मग तेच टोक फिल्टरच्या आधी बॉक्सला लावून पुन्हा मोजा. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की एकट्या फिल्टरचा तोटा कळतो, उरलेला तोंडाचा आणि नळीचा. एकूण फरक पंधरा सेंटिमीटर आला तर समजा, सगळा इनटेक उपटून फेकला तरी दीड टक्क्याच्या वर काही मिळायचं नाही. हा आकडा हातात असला की दुकानातल्या कोणत्याही डब्यावरचा दावा तपासता येतो.

मायलेजचं म्हणाल तर त्याची आशा धरू नका. शहरात थ्रॉटल अर्धवटच उघडा असतो, खरा अडथळा तोच. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली आधुनिक इंजेक्शनच्या गाड्यांवर चाचण्या केल्या, तेव्हा चोंदलेल्या फिल्टरनेही मायलेजमध्ये लक्षणीय फरक पडला नाही, पिकअपमध्ये पडला.

कच्ची बाजू आणि स्वच्छ बाजू

बाहेरून फिल्टरपर्यंतचा भाग ही कच्ची बाजू. फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा भाग ही स्वच्छ बाजू. कच्च्या बाजूला सांधा सैल राहिला तर फार तर थोडी गरम हवा येईल. स्वच्छ बाजूला केसाएवढी फट राहिली तर तिथून धूळ सरळ सिलिंडरमध्ये. घरी काम करायचं असेल तर कच्च्या बाजूला करा. फायदाही तिथेच जास्त आहे.

पुढची ग्रिल काढा आणि मूळ नळीचं तोंड कुठे आहे ते पाहा. बऱ्याच हॅचबॅकमध्ये ते रेडिएटरच्या वरच्या आडव्या पट्टीपाशी, बॉनेटच्या कडेखाली असतं. गाडी पळते तेव्हा ही जागा ठीक. उभी राहिली की एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांमधून गेलेली गरम हवा कडेच्या फटींतून पुन्हा पुढे येते आणि तोंडात शिरते. त्यामुळे पहिलं काम फटी बुजवण्याचं. रेडिएटरच्या दोन्ही बाजू आणि वरची पट्टी यांत ईपीडीएम रबराच्या फोमची चिकटपट्टी बसवा, दारांना लावतात तसली. साधा स्पंज नको, एका उन्हाळ्यात त्याचा चुरा होतो. एवढ्यानेच सिग्नलवरचा आकडा खाली येतो, एसीलाही फायदा होतो, आणि गाडीत कसलाच बदल झालेला नसतो.

मग तोंड पट्टीच्या पुढे, ग्रिलच्या वरच्या भागाच्या मागे न्यायचं. दोन मिमी जाडीच्या एबीएस प्लास्टिकच्या शीटची चपटी नळी करता येते. हीट गनने मऊ करून लाकडी ठोकळ्यावर वाकवा, सांधे एबीएसच्या सोल्व्हंटने जोडा. चपट्या नळीच्या छेदाचं क्षेत्रफळ निदान ४० चौरस सेंटिमीटर ठेवा, म्हणजे ६० मिमी गोल पाईपच्या दीडपट. उदाहरणार्थ आतून १२ सेंमी रुंद, साडेतीन सेंमी उंच. पुढचा जोड लवचिक हवा असेल तर तारेची गुंडाळी असलेला निओप्रीन किंवा सिलिकॉनचा डक्ट घ्या. किचनच्या चिमणीला लावतात तो अॅल्युमिनियम फॉइलचा डक्ट कंपनाने फाटतो आणि त्याचे कपटे फिल्टरवर जाऊन बसतात. प्लंबिंगचा पांढरा पीव्हीसी पाईपही टाळा, ८० अंशांच्या आसपास तो मऊ पडतो.

तोंडाची कड धारदार सोडू नका. सरळ कापलेल्या कडेवर हवा आत वळताना फाटते. हीच कड नळीच्या व्यासाच्या १५ टक्के त्रिज्येने, म्हणजे ६० मिमीला ९ मिमी, बाहेर गोल वळवली तर तोंडापाशी होणारा तोटा दहा भागांतून एका भागावर येतो. तोंडावर पाच-सहा मिमीची तारेची जाळी बसवा, पालापाचोळ्यासाठी आणि उंदरांसाठी. पार्किंगमध्ये महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या बॉक्समध्ये उंदरांनी घर केलेलं सापडतं. जाळी जागा खाते, तेवढं तोंड मोठं ठेवा.

वेगाने हवा आत दाबली जाईल या समजुतीने तोंडावर कर्णे बसवण्याची गरज नाही. ताशी १०० किमीला वाऱ्याचा सगळा दाब ०.४ किलोपास्कल. पूर्ण पकडला तरी अर्धा टक्काही नाही.

नीट काम झालं असेल तर ६० च्या वेगात बॉक्समधला आकडा बाहेरच्यापेक्षा तीन ते पाच अंशांनीच जास्त असायला हवा. सिग्नलवर तो चढणारच, पण निघाल्यावर अर्ध्या-एका मिनिटात उतरायला हवा.

फिल्टर

आपल्याकडची धूळ साधी नाही. सिमेंट रस्त्यांच्या कामांची पूड, वाडीकडे अमरावती रोडवर ट्रकांनी उडवलेली माती, कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला वीज केंद्रांची राख. या सगळ्यात सिलिका असते, ती रिंग आणि बोअर घासते. इंजिन तेल खायला लागतं, कॉम्प्रेशन उतरतं, आणि ते फिल्टरमुळे झालं हे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण त्याला वर्ष-दोन वर्षं लागतात.

म्हणून रोजच्या गाडीत मूळ मापाचा कागदी फिल्टरच ठेवा. त्याचं खरं क्षेत्रफळ काढून पाहा: घडीची उंची, गुणिले दोन, गुणिले घडीची लांबी, गुणिले घड्या. चार सेंमी उंच, पंधरा सेंमी लांब, ४५ घड्या असतील तर ५४०० चौरस सेंटिमीटर. दोन सेंमी घडीच्या, तेरा सेंमी लांबीच्या, पन्नास घड्यांच्या कोन फिल्टरचं येतं २६००. बाहेरून कोन मोठा दिसतो, कागद निम्माच असतो. गाळण तेवढीच बारीक ठेवायची तर मोठं क्षेत्रफळच लागतं.

कागदी फिल्टर काँप्रेसरच्या जोरदार हवेने साफ करू नका, घड्यांत डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. झटका, आणि सर्व्हिसच्या पुस्तकात दिलेल्या अंतराच्या निम्म्यावर बदला. तेलाचा कापडी फिल्टर लावायचाच असेल तर धुऊन सावलीत पूर्ण वाळवा, मग प्रत्येक घडीवर तेलाची एकच बारीक रेघ, वीस मिनिटं मुरू द्या, रंग पसरला नाही तिथेच पुन्हा. तेल जास्त झालं आणि गाडीत एमएएफ सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) असेल तर ते त्याच्या तारेवर चढतं आणि सेन्सर हवा कमी मोजू लागतो. तो फक्त एमएएफ क्लीनरने धुवायचा. कार्बोरेटर क्लीनर किंवा कापूस लावला की संपला.

तरीही पाईप बदलायचा असेल

आधी गाडी हवा कशी मोजते ते पाहा. मॅनिफोल्डवर छोटा सेन्सर आणि पाईपवर काहीच नाही, तर एमएपी, म्हणजे मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवेचा हिशोब करणारी गाडी. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या अशाच आहेत, त्या पाईपच्या व्यासाबाबत सहनशील असतात. फिल्टरनंतर लगेच पाईपमध्ये चार-पाच तारांचा सेन्सर असेल तर एमएएफ. त्याचं मूळ नळकांडं बदलायचं नाही. तो तिथल्या वेगावरून हवा ओळखतो. ६० मिमीचं नळकांडं ७० चं केलं तर क्षेत्रफळ १.३६ पट होतं, सेन्सरला खऱ्या हवेच्या ७३ टक्केच दिसते, पेट्रोल कमी पडतं आणि ओबीडीवर त्याचा पी-०१७१ हा दोषाचा कोड येतो. नळकांड्यातली जाळी काढू नका, बाणाची दिशा उलटी करू नका.

पाईप दीड-दोन मिमी जाडीचा अॅल्युमिनियम. हिंगणा एमआयडीसीत टिग वेल्डिंग करणारे मिळतात. दोन गोष्टी त्यांच्याकडून आवर्जून करून घ्या. एक, दोन्ही टोकांना फुगीर कडा. तिच्याशिवाय सिलिकॉनचा जोड तापला की घसरतो आणि क्लिप कितीही आवळली तरी पाईप सुटतो. दुसरी, आतून वेल्डिंगचे थेंब घासून पाईप पाण्याने धुऊन देणं. स्वच्छ बाजूला पॉप रिव्हेट कधीच नको, त्याची आतली कडी सुटली तर थेट व्हॉल्व्हवर जाते.

थ्रॉटल बॉडीचं माप व्हर्नियरने घ्या. पाईप ६० आणि थ्रॉटल ५० असेल तर मापाचा सिलिकॉन रिड्यूसर, दोन्ही बाजूंना २५ ते ३० मिमी चढलेला. पाईप गाडीच्या बॉडीला आणि इंजिनला दोन्हीकडे घट्ट बांधू नका. इंजिन माउंटिंगवर हलतं, पहिला-रिव्हर्स करताना दोन-अडीच सेंमी सहज. म्हणूनच मूळ पाईपला भात्यासारखा लवचिक भाग असतो. तो नसेल तर थ्रॉटलची प्लास्टिक मान चिरते किंवा पाईप बॅटरीवर घासून भोक पडतं.

ब्रीदर होज परत स्वच्छ बाजूलाच जोडायचा. व्हॉल्व्ह कव्हरवर छोटा फिल्टर खोचून पाईपचं भोक बुजवतात, ते चूक. इंजिनातली तेलकट वाफ उघड्यावर सोडायला परवानगी नाही, आणि एमएएफच्या गाडीत त्या वाटेने न मोजलेली हवा आत जाते. जुन्या मिक्सरवाल्या गॅस किटच्या गाडीत तर पाईपला हातच लावू नका. मिश्रण बिघडून बॅकफायर झाला की बॉक्सचं झाकण उडतं.

काम झाल्यावर ओबीडीवर फ्यूएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो ते, पाहा. गरम इंजिनावर लाँग टर्म ट्रिम अधिक-उणे दहा टक्क्यांच्या आत हवा. अधिक (+) चिन्हाचा आकडा आयडलवर मोठा आणि आरपीएम वाढवल्यावर लहान होत असेल तर कुठेतरी हवा चोरून आत येते आहे. पी-०११३ आला तर तापमानाच्या सेन्सरचा कनेक्टर लावायचा राहिला किंवा वायर तुटली.

पाचशे किलोमीटरनंतर पाईप काढा, तर्जनीला पांढरं सुती फडकं गुंडाळा आणि थ्रॉटलच्या आधी आतल्या भिंतीवरून एकदा फिरवा. तेलाचा पिवळट डाग चालतो, तो ब्रीदरचा. बोटात चोळल्यावर खरखर लागणारी तपकिरी पूड असेल तर गाडी त्याच दिवशी मूळ बॉक्सवर परत न्या. फट कुठे आहे ते नंतर शोधता येईल.

कायदा आणि पाऊस

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातल्या, उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून बॉडी कापू नका, सगळं नट-बोल्टवर ठेवा, मूळ बॉक्स आणि रेझोनेटर (इनटेकचा आवाज कमी करणारा डबा) जपून ठेवा, विमा कंपनीला लेखी कळवा.

आणि तोंड कधीही बंपरच्या खालच्या भागात नेऊ नका. तिथली हवा थंड असते हे खरं, पण २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं ते आठवा. पूर नसला तरी नरेंद्रनगरचा पूल आणि लोहापूल यांच्याखालचा रस्ता दर पावसाळ्यात पाण्याने भरतो. ११९७ सीसीच्या चार सिलिंडरांत प्रत्येकाचं आकारमान ३०० सीसी, कॉम्प्रेशन ११:१ धरलं तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा ३० मिली. दोन मोठे चमचे. त्याहून जास्त पाणी आत गेलं की ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. तोंड हेडलाइटच्या उंचीवर किंवा त्याहून वर, किंचित खाली कललेलं, आणि कच्च्या बाजूच्या सगळ्यात खालच्या जागी पाणी निघायला ६ मिमीचं भोक. गाडी पाण्यात बंद पडलीच तर सेल्फ मारू नका. बाहेर ओढून काढा, फिल्टर उघडा, तो ओला असेल तर चारही स्पार्क प्लग काढून, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून, मगच इंजिन फिरवा आणि पाणी प्लगच्या भोकांतून बाहेर पडू द्या.